मज्जारज्जूपर्यंत रक्त पोहोचते आहे का?

मणक्याला जबर मार लागून कमरेखालचे अंग लुळे पडले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो: नस तुटली का? एमआरआयच्या खोलीतही बहुतेक वेळा याच प्रश्नाचा पाठपुरावा होतो. मणका कुठे सरकला, हाडाचा तुकडा कुठे घुसला, मज्जारज्जू किती चेपला, हे त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत पाहिले जाते आणि त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. हे सगळे पाहायलाच हवे. पण मज्जारज्जू आरपार तुटून त्याचे दोन तुकडे होणे ही माणसांच्या अपघातांत विरळ घडणारी गोष्ट आहे. बहुतेकदा तो ठेचला जातो. मधला भाग चिरडतो आणि कडेने काही तंतू शाबूत राहतात. या उरलेल्या तंतूंचे पुढच्या काही तासांत आणि दिवसांत काय होते, यावर रुग्णाचे किती बळ परत येणार हे बऱ्याच अंशी ठरते. आणि ते तंतू तगतील की नाही, हे त्यांना रक्त मिळते की नाही यावर अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटींहून अधिक माणसे मज्जारज्जूच्या विकारासह किंवा दुखापतीसह जगत आहेत. माझे म्हणणे असे आहे, की या दुखापतीत आपण हाडाकडे आणि नसेकडे जेवढे बघतो तेवढेच रक्तवाहिन्यांकडे बघितले पाहिजे. त्यासाठी बीपीचा आकडा पुरत नाही. दुखापतीच्या जागी रक्त खरोखर वाहते आहे का, हे दाखवणारे चित्र हवे. असे चित्र काढण्याची साधने आता प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू लागली आहेत, म्हणून हा विषय आज बोलण्याजोगा आहे.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब, सेंटिमीटरभर जाड आणि वजनाने ३५ ग्रॅमच्या आसपास असतो. एवढ्याशा अवयवाची रक्तपुरवठ्याची व्यवस्था मात्र नाजूक आहे. पुढच्या बाजूने एकच धमनी उभी धावते आणि पुढचा दोन-तृतीयांश भाग तिच्यावर पोसला जातो. मागच्या बाजूला दोन बारीक धमन्या आहेत. वाटेत महाधमनीच्या आडव्या शाखांतून या तिघींना भर मिळते, पण अशा भर देणाऱ्या ठळक शाखा मोजक्याच. त्यांतली सर्वांत मोठी शाखा १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला आल्बर्ट आदामकिएविच या पोलिश वैद्याने वर्णिली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. बहुतेकांत ती डाव्या बाजूने, छातीच्या शेवटच्या काही मणक्यांच्या पातळीवर आत शिरते. महाधमनीवर मोठी शस्त्रक्रिया करायची असेल तर शल्यविशारद सीटी अँजिओग्राफीवर ही शाखा आधी शोधून ठेवतात, कारण तिचा पुरवठा तुटला तर मणक्याला ओरखडाही न उमटता रुग्णाचे पाय जाऊ शकतात. मज्जारज्जूच्या आतही पुरवठा सर्वत्र सारखा नाही. मधोमध असलेल्या करड्या भागात चेतापेशी असतात आणि तिथे केशवाहिन्यांची दाटी भोवतालच्या पांढऱ्या भागाच्या चार-पाच पट असते. पांढऱ्या भागात लांब पल्ल्याचे तंतू असतात. मेंदूचा हुकूम पायापर्यंत आणि पायाची जाणीव मेंदूपर्यंत तेच नेतात. आघात झाला की आधी फुटतो तो दाट वाहिन्यांचा मधला भाग, आणि तिथून रक्तस्राव बाहेरच्या तंतूंकडे सरकतो.

हा सरकण्याचा प्रकार नव्याने कळलेला नाही. फिलाडेल्फियातील आल्फ्रेड रेजिनाल्ड अॅलन याने १९११ साली कुत्र्यांच्या उघड्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून वजन टाकून दुखापतीचा पहिला मोजका प्रयोग उभा केला. काही कुत्र्यांच्या मज्जारज्जूला त्याने मधोमध उभा छेद दिला आणि साचलेले रक्तमिश्रित द्रव्य काढून टाकले. या कुत्र्यांची हालचाल इतरांपेक्षा चांगली परतली. आघात क्षणात संपतो, पण नुकसान त्यानंतरही चालू राहते आणि ते थांबवता येऊ शकते, हा विचार तिथे पहिल्यांदा प्रयोगाच्या बळावर मांडला गेला. अॅलन पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर १९१८ साली मारला गेला. त्याचे काम अपुरे राहिले याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. त्याच्या प्रयोगानंतर पाऊण शतकाहून अधिक काळाने, १९९१ मध्ये, टोरंटोच्या चार्ल्स टेटर आणि मायकेल फेलिंग्स यांनी तोवरचा पुरावा एकत्र करून या ‘दुय्यम दुखापती’त रक्तवाहिन्यांचा वाटा किती मोठा आहे हे दाखवले. चित्र साधारण असे आहे. पहिल्या काही मिनिटांत बारीक वाहिन्या फुटतात. रक्त आणि मज्जापेशी यांच्यामधली जी भिंत एरवी नको ते पदार्थ बाहेर ठेवते, ती गळू लागते. सूज येते. ज्या वाहिन्या फुटलेल्या नाहीत त्यांपैकी काही आकसतात, काहींत गुठळ्या होतात. शिवाय बीपी वरखाली झाला तरी आतला प्रवाह स्थिर ठेवण्याची मज्जारज्जूची स्वतःची यंत्रणा दुखापतीच्या जागी बिघडते. दुखापत मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर आणखी एक संकट ओढवते. हृदयाला आणि शरीरभरच्या धमन्यांना ताण देणाऱ्या चेता तिथूनच जात असल्याने सगळ्या शरीराचा बीपी कोसळतो आणि नाडीही मंदावते. म्हणजे ज्या वेळी मज्जारज्जूला रक्ताची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वेळी मज्जारज्जूची दुखापतच ते तोडते.

आता आजच्या रुग्णालयात काय दिसते ते पाहू. एमआरआयच्या नेहमीच्या टी-टू प्रकारच्या चित्रात सूज पांढुरकी दिसते. ताज्या रक्तस्रावात प्राणवायू गमावलेल्या हिमोग्लोबिनमुळे लोहाचा चुंबकीय परिणाम वाढतो आणि तो भाग काळा दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पथकाने २०१५ मध्ये आडव्या छेदाच्या चित्रावरून शून्य ते चार अशी एक श्रेणी सुचवली: शून्य म्हणजे निरोगी दिसणारा मज्जारज्जू, तीन म्हणजे सूज पूर्ण रुंदीभर, आणि चार म्हणजे त्यात ठळक रक्तस्रावाचा काळा डागही. हा काळा डाग दिसला की सुधारणेची आशा बरीच कमी होते, हे अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा आढळले आहे. रोगाचे भाकीत इतक्या ठामपणे सांगणारी खूण रक्तवाहिनी फुटल्याचीच आहे, ही बाब मला फार बोलकी वाटते. पण हे चित्र झालेल्या नुकसानीचे आहे. ज्या वाहिन्या अजून शाबूत आहेत त्यांतून आत्ता किती रक्त जाते आहे, कोणता भाग उपाशी आहे पण मेलेला नाही, हे त्यात उमटत नाही. सुजेचा पांढरा पट्टा सुरुवातीच्या दिवसांत वर-खाली लांबत जातो हे आपण पाहू शकतो, पण त्या पट्ट्यातला कोणता भाग वाचवण्याजोगा आहे हे त्याच्या रंगावरून कळत नाही.

या अज्ञानाची जागा आपण एका आकड्याने भरून काढली आहे. शरीरातील धमन्यांचा सरासरी दाब पहिले सात दिवस ८५ ते ९० मिलिमीटरवर ठेवावा, असे अमेरिकेच्या मेंदूशल्यविशारदांच्या २०१३ च्या मार्गदर्शनात होते, आणि त्यामागचा पुरावा दुर्बळ असल्याचेही तिथेच नमूद होते. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ही चौकट सैल झाली: खालची मर्यादा ७५ ते ८०, वरची ९० ते ९५, आणि मुदत तीन ते सात दिवस. चौकट सैल होणे प्रामाणिकपणाचे आहे, पण त्यातून हेही कळते की सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा अजून कोणाच्या हाती नाही. तो मिळेल असे मला वाटतही नाही. धरण काठोकाठ भरले म्हणून कालव्याच्या टेलच्या शेताला पाणी पोहोचले असे कोणी शेतकरी धरून चालत नाही; मधल्या वाटेत काय अडले आहे ते पाहावे लागते. इथे मधली वाट अडवते ती सूज. सुजलेला मज्जारज्जू त्याच्याभोवतीच्या घट्ट आवरणात दाबला जातो, आतला दाब वाढतो, आणि रक्ताला त्या दाबाविरुद्ध आत शिरावे लागते. म्हणून खरा महत्त्वाचा आकडा म्हणजे धमनीतला सरासरी दाब वजा मज्जारज्जूच्या जागचा दाब. व्हँकुव्हरमध्ये ब्रायन क्वॉन यांच्या पथकाने कमरेतून बारीक नळी घालून मज्जाद्रवाचा दाब सतत मोजला. ही वजाबाकी ५० मिलिमीटरच्या खाली गेलेल्या रुग्णांची सुधारणा कमी झाली, आणि नुसत्या बीपीपेक्षा ही वजाबाकी सुधारणेचे भाकीत चांगले करते, असे त्यांना २०१७ मध्ये दिसले. हे मोठे पाऊल आहे. तरीही मोजला जातो तो दाबच. नळी कमरेत आहे, दुखापत मानेत किंवा छातीत. आणि योग्य दाबाखाली रक्त नेमक्या कोणत्या भागात जाते हे नळी सांगू शकत नाही.

माझ्या मुद्द्याला सर्वांत भक्कम आधार लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातून मिळतो. तिथे मॅरिओस पापाडोपूलोस आणि समीरा सादून यांच्या पथकाने शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या झालेल्या मज्जारज्जूवर लेसरचा प्रकाश टाकला. वाहत्या रक्तपेशींमुळे परतलेल्या प्रकाशाचे ठिपके भराभर बदलतात. जिथे प्रवाह नाही तिथे ते स्थिर राहतात. या ठिपक्यांवरून पृष्ठभागावरच्या रक्तप्रवाहाचा नकाशा तयार होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांना रुग्णांत तीन वेगवेगळे नमुने दिसले. काहींत मध्ये रक्तहीन गाभा आणि भोवती अर्धपोटी पट्टा होता. काहींत दुखापतीच्या जागी उलट गरजेहून जास्त रक्त धावत होते. काहींत ठिगळ लावल्यासारखी अवस्था होती, इथे आहे तर तिथे नाही. आणि काही रुग्णांत बीपी वाढवल्यावर दुखापतीच्या जागचा प्रवाह कमी झाला. आसपासच्या निरोगी वाहिन्या फुगल्या आणि रक्त त्यांनीच ओढून घेतले. हे वाचल्यावर बीपीच्या आकड्याकडे पूर्वीसारखे बघता येत नाही. एकाच अतिदक्षता विभागात शेजारशेजारच्या खाटांवर दोन रुग्ण आहेत, दोघांना तेच औषध तेवढ्याच मात्रेत चालू आहे, दोघांचा दाब ८५ आहे; एकाला त्याने रक्त मिळते आहे, दुसऱ्याचे हिरावले जाते आहे, आणि पडद्यावर दोघांचे आकडे सारखे. डुकरांवर केलेल्या तुलनेत क्वॉन यांच्या पथकाला असेही दिसले, की दाब वाढवण्यासाठी कोणते औषध वापरले यावर मज्जारज्जूतला प्रवाह, प्राणवायू आणि रक्तस्राव बदलतो. फिनाइलेफ्रिनपेक्षा नॉरएपिनेफ्रिन तिथे सरस ठरले. आकडा तोच, परिणाम निराळा.

लेसरचा प्रकाश मात्र पृष्ठभागापलीकडे फारसा उतरत नाही, आणि आघाताचा पहिला फटका तर मधल्या करड्या भागाला बसतो. आत पाहायचे तर दोन वाटा आहेत. पहिली एमआरआयची. शिरेतून दिलेला गॅडोलिनियमचा डाय निरोगी भिंतीतून मज्जारज्जूत झिरपत नाही. तो किती वेगाने झिरपतो हे लागोपाठच्या चित्रांत मोजले की भिंत किती गळते ते कळते. उंदरांवरच्या अशा अभ्यासांत गळती आघातानंतर कित्येक आठवडे टिकल्याचे दिसले आहे, म्हणजे वरून शांत झालेली जखम आतून उघडीच असते. दुसऱ्या एका पद्धतीत डायची गरजच नसते. धमनीतल्या रक्ताच्या पाण्यावर चुंबकीय खूण उमटवायची आणि ते खुणेचे रक्त मज्जारज्जूत किती पोहोचले ते मोजायचे. फ्रान्समधील मार्सेयच्या पथकाने हे तंत्र छोट्या उंदरांच्या मज्जारज्जूवर बसवले. माणसात ते अवघड आहे, कारण मज्जारज्जू बारीक आहे, भोवतीचा द्रव प्रत्येक ठोक्याला हलतो, फुप्फुसे श्वासागणिक चुंबकीय क्षेत्र विचलित करतात, आणि शस्त्रक्रियेत बसवलेल्या धातूच्या स्क्रूंमुळे नेमक्या हव्या त्या जागचे चित्र विस्कटते. केशवाहिनीचा व्यास पाच ते दहा मायक्रॉन, एमआरआयच्या चित्रातला सर्वसाधारण चौकोन मिलिमीटरच्या आसपासचा. त्यामुळे एमआरआयकडून एकेक वाहिनी दिसण्याची अपेक्षा करू नये. प्रदेशाची सरासरी मिळाली तरी पुष्कळ.

दुसरी वाट सोनोग्राफीची, आणि जखमेच्या पहिल्या तासांपुरते बोलायचे तर मला तीच अधिक आशादायक वाटते. ध्वनिलहरी हाडातून नीट जात नाहीत, म्हणून एरवी पाठीवर प्रोब ठेवून मज्जारज्जू दिसत नाही. पण दाब कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत मणक्याची मागची कमान काढलीच जाते. तेवढी खिडकी सोनोग्राफीला पुरते. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडतात, निष्क्रिय वायूचे, स्निग्ध पदार्थाचे पातळ वेष्टण असलेले, तांबड्या पेशीएवढे किंवा त्याहून लहान. हृदयाच्या आणि यकृताच्या तपासणीत ते अनेक वर्षे वापरले जात आहेत. बुडबुडे ध्वनिलहरींना जोरदार प्रतिसाद देतात आणि रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाहीत, त्यामुळे जिथे बुडबुडा तिथे वाहते रक्त असे थेट म्हणता येते. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील क्रिस्टोफ हॉफस्टेटर यांच्या पथकाने २०१८ पासून प्रसिद्ध केलेल्या कामात उंदरांच्या ठेचलेल्या मज्जारज्जूत रक्तहीन गाभा आणि त्याभोवतीचा मंद प्रवाहाचा पट्टा प्रत्यक्ष पाहिला, आणि पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसांतही ही पद्धत वापरून पाहिली. पॅरिसच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदराच्या मेंदूत एकेका बुडबुड्याची जागा नोंदवत जाऊन काही मायक्रॉनपर्यंतचा वाहिन्यांचा नकाशा काढला होता; तोच मार्ग आता मज्जारज्जूकडे वळला आहे. हे चित्र शस्त्रक्रिया चालू असतानाच मिळते, हा त्याचा मोठा गुण. हाड काढले पण आवरण अजून ताणलेलेच आहे, आत रक्त जात नाही, असे दिसले तर आवरण उघडून त्यावर सैल ठिगळ शिवावे का, हा निर्णय त्याच घटकेला घेता येईल. नुसते हाड काढून आतला दाब पुरेसा उतरत नाही असे लंडनच्या पथकाने दाखवले आहे, आणि आवरण सैल करण्याचा फायदा होतो का हे तपासण्यासाठी त्यांनी डिस्कस नावाची चाचणी हाती घेतली.

या सगळ्यावर पहिला गंभीर आक्षेप असा, की रक्तवाहिन्यांतले बदल हे दुखापतीचे कारण नसून तिचा परिणाम असतील. पेशी मेल्या की त्यांना रक्त लागत नाही, म्हणून प्रवाह थांबतो; मग त्या प्रवाहाचे चित्र काढून उपयोग काय? काही अंशी हे खरे आहे. आघाताच्या क्षणी जे तंतू फाटले त्यांना कितीही रक्त दिले तरी ते जुळणार नाहीत, आणि गाभ्यातला रक्तहीन भाग बहुधा गेलेलाच असतो. पण कारण की परिणाम, हे तपासण्याचा मार्ग म्हणजे फक्त वाहिन्यांना हात लावून शेवट बदलतो का ते पाहणे. मेरिलँड विद्यापीठातील मार्क सिमर्ड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नेमके हेच केले. आघातानंतर केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींत एक विशिष्ट आयनमार्ग उघडू लागतो, त्या पेशी फुगून फुटतात आणि रक्तस्राव पसरतो. हा मार्ग ग्लिबेनक्लामाइडने बंद केल्यावर उंदरांतला रक्तस्राव आणि जखमेचा आकार घटला आणि त्यांची हालचाल सुधारली. ग्लिबेनक्लामाइड ही आपल्याकडच्या हजारो मधुमेही घरांतली ओळखीची गोळी. माणसाच्या मज्जारज्जूच्या दुखापतीत तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि कोणी ती त्यासाठी घेऊ नये. पण वाहिनीच्या भिंतीला वाचवले की मज्जारज्जू वाचतो, एवढा कार्यकारणभाव त्यातून उभा राहतो. आदामकिएविचच्या धमनीचा पुरवठा तुटल्यावर आघाताशिवाय येणारा पांगळेपणा याची दुसरी बाजू दाखवतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: चित्र दिसले, पण त्यावर देण्यासारखा ठोस उपचार नसेल तर रुग्णाला काय मिळाले? याचे उत्तर शेजारच्याच शास्त्रात आहे. मेंदूच्या पक्षाघातात रक्ताची गुठळी ओढून काढण्याचा उपचार आधी पहिल्या सहा तासांपुरता मानला जात असे. वेळ घड्याळावर मोजली जाई. मग रक्तप्रवाहाच्या चित्रांवरून असे रुग्ण निवडले गेले, ज्यांच्या मेंदूचा मेलेला भाग लहान आणि उपाशी पण जिवंत भाग मोठा होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉन आणि डिफ्यूज-थ्री या चाचण्यांनी दाखवले, की अशा रुग्णांत अनुक्रमे चोवीस आणि सोळा तासांपर्यंतही गुठळी काढून मोठा फायदा होतो. उपचार तोच होता. कोणाला द्यायचा हे चित्राने सांगितले. मज्जारज्जूच्या दुखापतीत औषधांच्या मोठमोठ्या चाचण्या एकामागून एक निष्फळ ठरल्या, त्यामागचे एक कारण मला हेच दिसते, की रक्तहीन गाभ्याचे, अतिप्रवाहाचे आणि ठिगळ-ठिगळ प्रवाहाचे रुग्ण आपण एकाच रांगेत बसवले. एखाद्या औषधाने एका गटाचे भले आणि दुसऱ्याचे नुकसान होत असेल तर सरासरी शून्य येणारच. उंदरांचे निष्कर्ष माणसाला लागू पडतील का, हा तिसरा आक्षेपही इथेच विरघळतो. लंडन आणि व्हँकुव्हरची निरीक्षणे माणसांचीच आहेत. रुग्णसंख्या लहान आहे हे मान्य. ती वाढवायची तर मोजणी अधिक ठिकाणी सुरू झाली पाहिजे.

आपल्याकडे हे परवडेल का, हा प्रश्न महाराष्ट्रातला वाचक विचारणारच, आणि तो टाळू नये. भारतात या दुखापतींची मोठी कारणे रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे ही आहेत. पडणारा माणूस बहुधा हातावर पोट असलेला, आणि अपघाताची जागा शहरातल्या मोठ्या रुग्णालयापासून दूर. सात टेस्लाचा, म्हणजे फार शक्तिशाली चुंबकाचा, एमआरआय हा त्याच्यासाठी संशोधनाचा विषय आहे, सोयीचा नाही. पण सोनोग्राफीचे यंत्र तसे नाही. ते ढकलत शस्त्रक्रियागृहात नेता येते, पुष्कळ ठिकाणी ते आधीच असते, आणि बुडबुड्यांशिवायही साधी सोनोग्राफी मज्जारज्जूला मोकळी जागा मिळाली की नाही हे उघड्या जखमेत दाखवू शकते. आणि रक्तवाहिन्यांचा विचार रुग्णालयाच्या दारात पोहोचायच्या आधीच सुरू करता येतो. वरचा बीपी ९० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, प्राणवायू कमी पडू द्यायचा नाही, मान आणि पाठ सरळ ठेवून उचलायचे: या तीन गोष्टी १०८ च्या रुग्णवाहिकेतही शक्य आहेत. नाडी मंद आणि बीपी कमी असा रुग्ण पाहिला की रक्तस्रावाबरोबरच मानेच्या दुखापतीचीही शंका घ्यायला हवी. चित्रणाने या सूचनांना कारण दिले आहे. कारण कळले की माणूस सूचना अधिक जपून पाळतो.

राहिला तो रुग्ण ज्याचा अपघात होऊन वर्षे लोटली. त्याच्या बाबतीत रक्तप्रवाहाचा प्रश्न संपला असेच सगळे धरून चालतात. त्याच्या पायांत काय घडते ते सोनोग्राफीने केव्हाच दाखवले आहे: हालचाल थांबल्यावर काही आठवड्यांतच मांडीच्या धमनीचा व्यास ठळकपणे घटतो. पण मज्जारज्जूत? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या पथकाने २०१७ मध्ये दाखवले, की जुन्या दुखापतीच्या उंदरांत जखमेच्या खालचा, वरवर निरोगी दिसणारा मज्जारज्जूही प्राणवायूसाठी आसुसलेला असतो. केशवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी त्यांना आवळून धरतात. मेंदूकडून येणारे सिरोटोनिन तुटल्यामुळे या पेशी अतिसंवेदनशील होतात आणि स्थानिक पातळीवर तयार होणाऱ्या ट्रिप्टामिनसारख्या द्रव्यांनीही आकसतात. ही साखळी औषधाने तोडल्यावर, किंवा उंदरांना नुसता जास्तीचा प्राणवायू हुंगायला दिल्यावर, त्यांची चाल सुधारली. दुखापत जुनी होती, तंतू तेच होते, मेंदूशी नाते तेवढेच होते; बदलला तो केशवाहिन्यांतला प्रवाह. माणसात असे काही होते का, हे शोधायचे तर जखमेच्या खालच्या भागातला प्रवाह जिवंत माणसात मोजावा लागेल. मार्सेयच्या पथकाने २०२० मध्ये सात टेस्लाच्या यंत्रावर निरोगी माणसाच्या मानेतल्या मज्जारज्जूत करड्या आणि पांढऱ्या भागांतला रक्तप्रवाह वेगळा काढण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्या मर्यादाही स्पष्टपणे मांडल्या. मानेपासून छातीच्या मणक्यांपर्यंत उतरायचे तर हृदयाचे ठोके, श्वास आणि स्क्रूंचा धातू या तिन्हींवर मात करावी लागेल. शस्त्रक्रियेत हाड काढलेले असेल तर तीच खिडकी वर्षांनंतरही सोनोग्राफीला उघडी असते, आणि मज्जारज्जूवर कायम बसवता येईल असा छोटा सोनोग्राफी प्रोब बनवण्याचे काम बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चालू झालेले आहे.